मायक्रोकंट्रोलरवर स्वतःचा व्हिडिओ गेम: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सी भाषेची तोंडओळख आहे, अर्डुइनोवर एलईडी लुकलुकवून झाला आहे, आता हातात धरून खेळता येईल असा स्वतःचा गेम बनवायचा आहे आणि जमलं तर पुढे तो टीव्हीवरही दिसावा. बोर्ड कोणता घ्यावा, तयार लायब्ररी वापरावी की सगळं स्वतः लिहावं, पहिला गेम कोणता निवडावा, आणि इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नसताना हे झेपेल का?

झेपेल. बरीच वर्षं मी हेच करतो आहे, इतरांना शिकवतोही, आणि माझा अनुभव असा की इलेक्ट्रॉनिक्सपाशी फारसं कुणाचं अडत नाही. एक स्क्रीन, चार-पाच बटणं, एक बझर, एवढीच जोडणी असते. अडतं ते हिशेबापाशी. मेमरीचे किती बाइट शिल्लक आहेत आणि एका फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत, किती वेळ हाताशी आहे, हे दोन आकडे ज्याला कधीही विचारले तरी सांगता येतात, त्याचा गेम पूर्ण होतो. म्हणून पुढचं सगळं याच दोन आकड्यांच्या अंगाने लिहितो.

बोर्डाचं आधी उरकून घेऊ. शिकण्यासाठी एटमेगा३२८पी असलेला, म्हणजे अर्डुइनो उनो किंवा नॅनो जातीचा साधा बोर्ड घ्या. प्रोग्रामसाठी ३२ केबी फ्लॅश, कामाच्या मेमरीला २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झचं घड्याळ. रास्पबेरी पाय पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये २६४ केबी रॅम आणि दोन कोअर असतात, ईएसपी३२ त्याहूनही तगडा, मग लहान चिप कशाला, असं वाटेल. कारण एवढंच की लहान चिप अख्खी डोक्यात मावते. तिच्यात एक चूक झाली की लगेच दिसते; मोठ्या चिपवर तीच चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते. पहिले दोन गेम लहान चिपवर करा, तिसरा खुशाल मोठीवर.

स्क्रीन १२८ बाय ६४ पिक्सेलची छोटी ओएलईडी घ्या, एसएसडी१३०६ कंट्रोलरची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धं शिक्षण या स्क्रीनमध्येच आहे.

१२८ गुणिले ६४ म्हणजे ८१९२ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेल फक्त चालू किंवा बंद, म्हणजे एक बिट. एका बाइटमध्ये ८ बिट, तेव्हा पूर्ण चित्राला १०२४ बाइट लागतात. तुमच्या २०४८ बाइटांपैकी बरोबर निम्मे पहिल्याच फटक्यात गेले. आता हे बाइट स्क्रीनवर कसे बसतात ते पाहा. स्क्रीनचे ८ आडवे पट्टे असतात, प्रत्येक ८ पिक्सेल उंच, आणि एक बाइट म्हणजे पट्ट्यातली ८ पिक्सेलची एक उभी काडी. समजा डावीकडून १० आणि वरून २१ या जागी ठिपका द्यायचा आहे, मोजणी शून्यापासून. २१ ला ८ ने भागा: भागाकार २, बाकी ५. म्हणजे पट्टा क्रमांक २. बाइटचा क्रमांक २ गुणिले १२८ अधिक १०, म्हणजे २६६, आणि त्यातला क्रमांक ५ चा बिट चालू करायचा. ठिपका द्यायचं फंक्शन एवढंच आहे, दोन ओळींचं.

यानंतर ८ बाय ८ चं एखादं चित्र, म्हणजे स्प्राइट, वरून २१ व्या ओळीपासून काढून बघा. ते पट्टा २ आणि पट्टा ३ यांच्यामध्ये अडकतं. चित्राचा प्रत्येक बाइट ५ ने डावीकडे सरकवून वरच्या पट्ट्यात आणि ३ ने उजवीकडे सरकवून खालच्या पट्ट्यात मिसळावा लागतो. कागदावर चौकटी आखून हे एकदा हाताने करा, मगच कोड लिहा. स्क्रीनवर ते चित्र न तुटता एकेक पिक्सेल खाली सरकताना दिसतं तेव्हा स्क्रीनची भीती कायमची जाते. लायब्ररीच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे: स्क्रीन सुरू करण्याच्या सूचना लायब्ररीकडून घ्या, त्यात शिकण्यासारखं थोडं आणि चुकण्यासारखं पुष्कळ असतं. ठिपका, रेघ, स्प्राइट आणि अंक मात्र एकदा स्वतः लिहा. मग लायब्ररी वापरलीत तरी ती आतून काय करते ते तुम्हाला दिसत राहतं.

दुसरा आकडा वेळेचा. हे १०२४ बाइट स्क्रीनकडे पाठवायलाही वेळ लागतो. दोन तारांची आयटूसी जोडणी असेल तर प्रत्येक बाइटमागे ९ बिट जातात, म्हणजे एकूण ९२१६. आयटूसीचा नेहमीचा १०० किलोहर्ट्झचा वेग राहू दिला तर एक चित्र जायला ९२ मिलिसेकंद लागतात, सेकंदाला जेमतेम ११ चित्रं. चेंडू उड्या मारत जातो आणि माणूस उगाच प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतो. वेग ४०० किलोहर्ट्झ केला की तेच काम २३ मिलिसेकंदांवर येतं. एसपीआय जोडणीची स्क्रीन मिळाली तर ८ मेगाहर्ट्झला मिलिसेकंदाच्या आसपास. दोन-तीन तारा जास्त लागतात, पण गेमसाठी एसपीआयच घ्या. आयटूसीवर सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ३३ मिलिसेकंदांतले २३ पाठवण्यातच जातात आणि गेमच्या वाट्याला १० उरतात. अर्थात १० मिलिसेकंद म्हणजे या चिपच्या घड्याळाची १ लाख ६० हजार आवर्तनं, सापाच्या गेमला ती भरपूर झाली.

मेमरीचा हिशेब चुकला की काय होतं ते स्वतः भोगलेलं सांगतो. विटा फोडण्याचा एक गेम मी लिहिला होता. दोन पातळ्या व्यवस्थित चालायच्या, तिसऱ्या पातळीवर ‘खेळ संपला’ दाखवायची वेळ आली की बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी तारा बदलल्या, बॅटरी बदलली, ब्रेडबोर्ड बदलला. कंपायलर तर सांगत होता की रॅमचे ९०० च्या आसपास बाइटच वापरले आहेत, निम्म्याहून जास्त मोकळे आहेत. खरी गोष्ट अशी होती की स्क्रीनची लायब्ररी आपला १०२४ बाइटांचा बफर, म्हणजे पूर्ण चित्र साठवायची जागा, प्रोग्राम चालू झाल्यावर मागून घेत होती, त्यामुळे कंपायलरच्या हिशेबात तो धरलाच गेला नव्हता. ९०० आणि १०२४ मिळून १९२४. उरलेल्या १२४ बाइटांत स्टॅक, म्हणजे फंक्शनांचे परतीचे पत्ते आणि तात्पुरते आकडे ठेवायची जागा. शेवटचा संदेश छापताना फंक्शनांत फंक्शनं शिरली, स्टॅक वरून खाली उतरत बफरवर चढला आणि परतीचा पत्ताच पुसला गेला.

त्या दिवसापासून दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, न बदलणारं सगळं, म्हणजे चित्रं, नकाशे, संदेश, फ्लॅशमध्येच ठेवायचं. अर्डुइनोवर यासाठी प्रोगमेम हा शब्द आहे. तो लावला नाही तर अवतरणात लिहिलेलं प्रत्येक वाक्य रॅममध्ये येऊन बसतं. दुसरी, सुरुवातीलाच मोकळी रॅम एका ठरलेल्या आकड्याने, समजा १६५ ने, भरून टाकायची आणि गेम थोडा वेळ खेळून झाल्यावर त्यातले किती बाइट अजून तसेच आहेत ते मोजायचे. स्टॅक जास्तीत जास्त कुठवर उतरला होता ते अचूक कळतं. १०० च्या खाली गेलात तर थांबा आणि काहीतरी कमी करा.

आता पहिला गेम. भिंतीवर चेंडू मारण्याचा: एक फळी, एक चेंडू, गुण. उड्या मारत पळणाऱ्या माणसाचा गेम सगळ्यांनाच आधी करायचा असतो, मला कळतं ते, पण त्यात सरकता नकाशा, गुरुत्व आणि टक्कर या तीन अवघड गोष्टी एकदम अंगावर येतात. आधी चेंडू.

त्यात पहिली शिस्त गेमच्या चक्राची. एलईडी लुकलुकवताना शिकलेलं डिले() इथे विसरा, कारण डिले चालू असताना चिप बटणाकडे बघत नाही. त्याऐवजी मिलिस() ने घड्याळ बघायचं: मागच्या फ्रेमपासून ३३ मिलिसेकंद झाले का? झाले असतील तर बटणं वाचा, जग एक पाऊल पुढे न्या, चित्र काढा. याच क्रमाने, आणि तिन्ही कामं वेगवेगळ्या फंक्शनांत. पुढच्या फ्रेमची वेळ ठरवताना मागच्या ठरलेल्या वेळेत ३३ मिळवा, ‘आत्ता’च्या वेळेत मिळवू नका, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा थोडा थोडा उशीर साठत जातो आणि स्क्रीनवर काढायचं जास्त असताना गेम मंद, कमी असताना जलद चालतो. आणि वेळांची वजाबाकी नेहमी चिन्हरहित पूर्णांकातच करा, म्हणजे ४९ दिवसांनी मिलिसचा आकडा शून्यावर आला तरी काही बिघडत नाही.

बटणांसाठी बाहेरून रेझिस्टर लावायची गरज नाही, चिपच्या आतच पुल-अप, म्हणजे पिन १ वर ओढून धरणारे रेझिस्टर, आहेत. ते चालू केले की बटण दाबल्यावर ० वाचलं जातं, सोडल्यावर १. हा उलटेपणा एकदाच एका फंक्शनात सरळ करून टाका. बटण दाबताना आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि एक दाब चार दाबांसारखा वाटतो. पण आपण ३३ मिलिसेकंदांनी एकदाच बघतो आहोत, त्यामुळे थरथर बहुतेक वेळा आपोआप गाळली जाते. वेगळं काय करायचं तर मागच्या फ्रेमची स्थिती लक्षात ठेवायची. ‘आता दाबलेलं आहे आणि मागे नव्हतं’ हा नवा दाब. गोळी झाडायला, मेनूत पुढे जायला तो वापरा. फळी सरकवायला मात्र नुसतं ‘दाबलेलं आहे’ पुरतं. हा भेद न केल्यामुळे मेनू चार-चार ओळी उडवत जाणारे पुष्कळ गेम मी दुरुस्त केले आहेत.

चेंडूचा वेग एका फ्रेमला दीड पिक्सेल हवा असेल तर? दशांश संख्या वापरता येतात, पण या चिपमध्ये त्यांच्यासाठी सर्किट नाही. प्रत्येक गुणाकार सॉफ्टवेअरने होतो, वेळही खातो आणि फ्लॅशही. त्याऐवजी सगळी स्थानं २५६ पटींत ठेवा. दीड पिक्सेल म्हणजे ३८४. प्रत्येक फ्रेमला स्थानात ३८४ मिळवा आणि चित्र काढताना फक्त वरचा बाइट घ्या. पण चिन्हाकडे लक्ष असू द्या. स्थान एका चिन्हरहित बाइटमध्ये ठेवलंत आणि ० मधून १ वजा केलात तर २५५ येतात. वरच्या कडेला पोहोचलेली फळी अचानक दिसेनाशी झाली तर आधी हेच तपासा. तसंच या चिपवर साधा ‘इंट’ १६ बिटांचा असतो, म्हणजे गुण ३२७६७ च्या पुढे गेले की उणे होतात.

चेंडू फळीवर आपटून नुसता उलटा फिरवला तर गेम दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो. १९७२ साली अटारीच्या पाँगवर काम करताना ॲलन अल्कॉर्न यांनी फळीचे ८ भाग केले होते. मध्ये लागलेला चेंडू सरळ परतायचा, कडेला लागलेला जास्त तिरका. त्या यंत्रात प्रोसेसर नव्हता, प्रोग्रामही नव्हता, सगळा गेम लॉजिक चिप एकमेकींना जोडून केलेला. तुम्हाला तेच आठ आकड्यांच्या एका तक्त्यात करता येतं: फळीचा कितवा भाग लागला ते काढा आणि तक्त्यातून उभा वेग उचला. हे केलं की खेळणारा नेम धरायला लागतो. गेम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, काहीही न सांगता नुसतं बघत बसा. तो कुठे चुकतो आणि कुठे ‘मी तर दाबलं होतं’ म्हणतो, ते लिहून ठेवा. तसं म्हणाला तर त्याचं खरं माना आणि बटण वाचण्याचा कोड उघडा.

दुसरा गेम सापाचा करा, कारण त्यात मेमरीचा विचार करायला शिकता येतं. ४ बाय ४ पिक्सेलचं घर धरलं तर स्क्रीनवर ३२ गुणिले १६, म्हणजे ५१२ घरं होतात. साप कितीही वाढू शकतो, तेव्हा प्रत्येक मणक्याचं आडवं आणि उभं स्थान एकेका बाइटमध्ये ठेवायचं म्हटलं तर १०२४ बाइट. बफरचे १०२४ आणि हे १०२४, रॅम संपली. आता सापाकडे वेगळ्या नजरेनं बघा. प्रत्येक मणका आधीच्या मणक्यापासून वर, खाली, डावीकडे की उजवीकडे एवढंच माहीत असलं तरी पुरतं, आणि चार दिशांना दोन बिट लागतात. ५१२ मणक्यांचे १०२४ बिट, म्हणजे फक्त १२८ बाइट. डोक्याचं आणि शेपटीचं स्थान तेवढं पूर्ण ठेवा. पुढे सरकताना डोक्याकडे एक दिशा घाला, शेपटीकडची एक वाचून शेपूट पुढे न्या. स्क्रीनवरही दोनच घरं बदलतात, एक काढायचं आणि एक पुसायचं.

आवाज साधा ठेवा. ज्याला आपण सूर द्यायचा असा पॅसिव्ह बझर घ्या. नुसती वीज देताच स्वतः वाजणारा ॲक्टिव्ह बझर इथे चालत नाही. सूर आणि किती फ्रेम वाजवायचा, अशा जोड्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक फ्रेमला त्यात एक पाऊल पुढे जा. उनोवर टोन() फंक्शन टाइमर २ वापरतं, त्यामुळे पिन ३ आणि ११ वरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे पिन भराभर चालू-बंद करून मधली पातळी मिळवणं, बिघडतं. तिथे काही जोडलेलं असेल तर हलवा.

सर्वोच्च गुण चिपमधल्या १ केबी ईईप्रॉममध्ये राहतात, वीज गेली तरी. प्रत्येक जागा सुमारे १ लाख वेळा लिहिता येते, तेव्हा गेम संपल्यावरच लिहा, फ्रेमगणिक नको.

ब्रेडबोर्डवरून हलवता येणाऱ्या डबीत जाताना सर्वांत जास्त त्रास वीज देते. चिपच्या वीज आणि ग्राउंड पायांच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच. एटमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झला चालवायचा तर किमान सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. तीन साधे सेल बरेच उतरले की तुम्ही त्याच्या खाली जाता आणि गेम मध्येच अडकतो. घड्याळ ८ मेगाहर्ट्झ केलं तर २.७ व्होल्टपर्यंत निर्धास्त. लिथियम सेल घ्याल तर संरक्षण सर्किट असलेलाच घ्या. आणि स्क्रीन ३.३ व्होल्टची आहे की ५, हे जोडण्याआधी तिच्या पाटीवर वाचा.

आता टीव्ही. हे शेवटी ठेवलं कारण यात वेळेचा हिशेब मिलिसेकंदांवरून थेट आवर्तनांवर येतो. जुन्या पद्धतीच्या, एकाच तारेतून चित्र नेणाऱ्या कॉम्पोझिट व्हिडिओत, पाल या टीव्ही-मानकात, एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते आणि आपण सोप्या प्रकारात ३१२ ओळींचं एक चित्र पाठवतो, सेकंदाला ५०. १६ मेगाहर्ट्झला ६४ मायक्रोसेकंद म्हणजे १०२४ आवर्तनं. प्रत्येक ओळीच्या आरंभी ४.७ मायक्रोसेकंद सिग्नल शून्य व्होल्टवर न्यायचा, ती टीव्हीला ‘नवी ओळ’ अशी खूण. काळा रंग ०.३ व्होल्ट, पांढरा सुमारे १ व्होल्ट. यासाठी दोन पिन आणि दोन रेझिस्टर पुरतात: एक १ किलोओहमचा, दुसरा ४७० ओहमचा. टीव्हीच्या आत ७५ ओहम असतात, त्यांच्यासह गणित करून बघा. पहिली पिन एकटी चालू असताना ०.३ आणि दोन्ही चालू असताना ०.९५ येतात. मला हे गणित आजही फार आवडतं.

१२८ बाय ९६ चं चित्र धरलं तर १५३६ बाइट बफरला जातात, गेमला ५१२ उरतात. म्हणूनच आधी साप नीट करायला सांगितला. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये तर सगळी रॅमच १२८ बाइट होती, चित्राचा बफर नव्हताच. टीव्हीवर ओळ उमटत असतानाच प्रोग्राम पुढच्या ओळीची तयारी करायचा. जागा कमी पडायला लागली की तुम्हीही तिकडे वळाल: नकाशा ८ बाय ८ च्या फरश्यांत ठेवायचा आणि ओळीगणिक फ्लॅशमधून पिक्सेल उचलायचे. त्यापुढे पिकोवर जायला हरकत नाही. आरपी२०४० मधली पीआयओ नावाची छोटी यंत्रं कोअरला न अडवता सिग्नल काढतात, व्हीजीएसुद्धा.

लहान चिपवर टीव्ही करताना मिलिस() चालवणारा टाइमर ० चा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच येणारी हाक, बंद करा, नाहीतर तो ओळीच्या मध्ये घुसतो. वेळ मोजायला चित्रं मोजा, ५० झाली की एक सेकंद. सगळ्यात आधी स्क्रीनवर फक्त एक उभी रेघ काढा, दुसरं काही नको. ती करवतीच्या दातांसारखी दिसेल, कारण इंटरप्ट आला तरी चिप हातातली सूचना पूर्ण करूनच तिकडे जाते आणि सूचना १ ते ४ आवर्तनांच्या असतात. एक पिक्सेल ६ आवर्तनांचा धरला तर ३ आवर्तनांचा फरक म्हणजे अर्धा पिक्सेल. इंटरप्टमध्ये शिरताच टाइमरचा आकडा वाचा, किती उशीर झाला ते काढा आणि उरलेली आवर्तनं मुद्दाम थांबून सगळ्या ओळी एका वेळेवर आणा. पट्टी लावून ओढल्यासारखी रेघ सरळ दिसली की मग तिथे चेंडू आणा.